काचेवरचे हमाल

पहाटे सहा

मिसिसिपीवरच्या, बार्ज रेटणाऱ्या टोबोटींवर सकाळी सहाला पाळी बदलते. सहा तास काम, सहा तास विश्रांती, पुन्हा सहा तास काम. धुकं असलं की भोंगा माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो, आणि ऑक्टोबरात धुकं रोजचंच. चहाचा कप घेऊन मी काठावर जाते. दिवसभर जिचे फोटो हाताळायचे, ती नदी आधी डोळ्यांनी पाहून घ्यावी असं मला वाटतं.

विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा यांच्यामधून वाहणारी ही वरची मिसिसिपी. सध्या मका आणि सोयाबीनचा हंगाम. तीन-तीनच्या पाच रांगांत पोलादी दोरांनी आवळलेले पंधरा बार्ज, आणि त्यांना मागून रेटणारी एकच बोट. ताफ्याची लांबी सुमारे १,२०० फूट आणि धरणाशी बोटी चढवण्या-उतरवण्याच्या लॉकची कुंडी ६०० फुटांची. त्यामुळे ताफा मधून सोडवावा लागतो. आधी नऊ बार्ज पार करायचे, मग उरलेले सहा आणि बोट. यात सहज दीड तास जातो. डेकवरची माणसं जाकिटं घालून लोखंडी खुंट्यांना दोर गुंडाळत असतात. काठावरून त्यांचे चेहरे दिसत नाहीत.

परतताना मी एक गोष्ट रोज मनाशी घोळवते. आपल्या फोटोंमधली नदी ही नव्हे. १९३० साली नऊ फूट खोलीचा जलमार्ग कायम राखायचं अमेरिकन सरकारने ठरवलं आणि पुढच्या दशकभरात मिनिआपोलिसपासून सेंट लुईसपर्यंत धरणं आणि लॉक उभी राहिली. नदी जिन्यासारखी पायऱ्या-पायऱ्यांची झाली. बेटं बुडाली, वाळूचे पट्टे बुडाले. त्याआधी कोरड्या उन्हाळ्यात काही ठिकाणी माणूस चालत पलीकडे जाई. चार फूट पाण्यात आगबोट कशी चालवायची, हेच तेव्हाच्या पायलटांचं सगळं कसब होतं. हे विसरलं, तर जुन्या फोटोतली सपाट बुडाची, उथळ, पाण्यावर जेमतेम टेकलेली बोट नुसती शोभेची वाटते.

सव्वाआठ

आमचा फोटोसंग्रह ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. नदीकाठच्या गावात असल्या गोष्टी तळघरात ठेवत नाहीत.

पहिलं काम म्हणजे भांडारातलं तापमान आणि हवेतला ओलावा टिपून ठेवणं. काचेच्या निगेटिव्हना थंडावा लागतो, कोरडेपणाही लागतो, पण बेताचा. फार कोरडं झालं की काचेवरचा जिलेटिनचा थर कडेने सुटू लागतो आणि त्याचे पापुद्रे निघतात. मग सपाट खणांची पाहणी. तिथे इंजिनिअरांच्या कचेऱ्यांमधून आलेले काही निळे फोटो आहेत. ही सायनोटाइपची रीत जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली. लोहाचे क्षार लावलेला कागद निगेटिव्हखाली ठेवून उन्हात धरायचा आणि नुसत्या पाण्याने धुवायचा. या फोटोंचं जपणूकशास्त्र जरा वेगळं आहे. इतर जुन्या कागदांना आम्लापासून वाचवण्यासाठी अभिलेखागारात चुनखडी मिसळलेला कागद वेष्टनाला वापरतात; सायनोटाइपला तो मारक ठरतो, कारण अल्कलीने निळा रंग उडतो. त्यांना साधा, उदासीन कागदच लागतो. उन्हाने फिकटलेला निळा रंग मात्र काही काळ अंधारात ठेवला की बराचसा परत येतो. मला ही गोष्ट दर वेळी नवलाची वाटते.

या रीतीचा नदीवरचा सगळ्यात मोठा कलावंत म्हणजे हेन्री बॉस. जन्माने जर्मन. अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर दलात, रॉक आयलंडच्या कचेरीत तो नकाशे काढत असे. नकाशांच्या प्रती ज्या निळ्या कागदावर काढायच्या, त्याच रीतीने त्याने १८८३ ते १८९२ या काळात मिनिआपोलिस ते सेंट लुईस या पट्ट्यातली नदी टिपली. मोठाले, लंबवर्तुळाकार चौकटीतले फोटो. पूल, गावं, सरकारी बोटी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे नदीला वळण लावण्याची कामं. विलोच्या फांद्यांच्या चटया विणायच्या, त्यांवर दगड टाकायचे, पुन्हा चटई, पुन्हा दगड. असे आडवे बांध काठापासून पात्रात घातले की प्रवाह मधल्या भागात एकवटतो आणि गाळ आपोआप वाहून जातो. तेव्हा उद्दिष्ट साडेचार फूट खोलीचं होतं.

बॉसच्या फोटोंतलं पाणी अगदी गुळगुळीत दिसतं. एक्स्पोजर लांब असल्यामुळे लाटा एकमेकींत विरून गेल्या आहेत. माझं या फोटोंवर मनापासून प्रेम आहे. पण माणूस त्यांत दिसतो तो बहुधा बांधाची लांबी कळावी म्हणून, दूरवर, काडीएवढा. त्या चटया विणल्या कोणी, दगड उचलले कोणी, हे मला त्या निळ्या फोटोंना विचारावंसं वाटतं.

नऊ

आता काचा. गावातल्या एका जुन्या घराच्या माळ्यावरून आलेली लाकडी पेटी गेले काही दिवस टेबलावर आहे. पातळ नायट्राइलचे हातमोजे घालायचे, काच फक्त कडांना धरायची, थर लावलेली बाजू वर ठेवायची. मऊ ब्रशने धूळ काढायची, तीही थराच्या बाजूची नाही, फक्त मागच्या काचेची.

आजची काच आठ बाय दहा इंचांची आहे. एका कोपऱ्यात थर नाहीच, तिथे अंगठ्याएवढी मोकळी जागा आहे. फोटोग्राफरने काच तिथे धरली आणि दुसऱ्या हाताने कलोडियनचं चिकट द्रावण ओतलं, काच तिरकी करत ते कोपऱ्या-कोपऱ्यात पसरवलं, मग चांदीच्या द्रावणात बुडवली. यानंतर त्याच्या हातात दहा-पंधरा मिनिटं होती, कारण काच वाळायच्या आत फोटो घेऊन धुऊनही काढायचा. म्हणजे काळ्या कापडाचा तंबू, बाटल्या, पाणी, सगळं घेऊन तो धक्क्यावर उतरला होता. १८८० च्या सुमारास तयार कोरड्या काचा सर्रास मिळू लागल्या आणि हा खटाटोप संपला. तेव्हा ही काच त्याआधीची धरायला हरकत नाही.

प्रकाशपेटीवर ठेवून स्कॅन केलं, पडद्यावर काळ्याचं पांढरं केलं, आणि धक्का समोर आला. मागे चाक असलेली मालवाहू-प्रवासी बोट. दोन उंच धुराडी, वर पायलटची काचेची खोली, छतावर मोठी घंटा. घंटेजवळ कमरेवर हात ठेवून उभा असलेला कप्तान, त्याच्या कोटाची बटणं मोजता येतात. खालच्या डेकवर वही घेतलेला कारकून, त्याच्या वहीची शिवण दिसते. धक्क्यावर गव्हाच्या पोत्यांची थप्पी. रेल्वे सगळीकडे पोचण्याआधी या भागातला गहू असाच पोत्यांनी बोटीवर चढे.

आणि थप्पीपासून बोटीपर्यंत टाकलेल्या फळीवर माणसं नाहीत. एक करडा पट्टा आहे, थप्पीपासून डेकपर्यंत, मध्येच गडद, मध्येच विरळ.

ते हमाल आहेत. नदीवर त्यांना राउस्टअबाउट म्हणत. ओल्या काचेला काही सेकंद उघडं ठेवावं लागे. जो स्थिर उभा राहिला तो काचेवर उमटला, जो चालत होता तो पुसला गेला. ज्याला उभं राहायची मुभा होती त्याची बटणंसुद्धा शिल्लक राहिली, आणि ज्याच्या पाठीवर पोतं होतं त्याचा धूर झाला. यात कोणाचा कट नव्हता, रसायनाचा वेग तेवढाच होता. तरीही नदीच्या जुन्या फोटोंमध्ये कोण दिसतं आणि कोण दिसत नाही, हे या एका कारणाने किती ठरून गेलंय याचा विचार मी या टेबलाशी बसून पुष्कळ वेळा करते.

मोजायची एक युक्ती आहे. चालणाऱ्या माणसाचं धड हलत असतं, पण जमिनीवर टेकलेला पाय क्षणभर स्थिर असतो. त्यामुळे पट्ट्याच्या खालच्या कडेला बूट उमटतात. धड नसलेले, गुडघे नसलेले, नुसते बूट. स्कॅन मोठं करून मी बूट मोजते. आठ माणसं नक्की, कदाचित दहा. दोघे अनवाणी असावेत.

दक्षिणेकडच्या नदीवर हेच काम कापसाच्या गासड्यांनी चाले. हेन्री फ्रँक नावाच्या बोटीचा १८८१ चा फोटो प्रसिद्ध आहे. ती एका खेपेला ९,२२६ गासड्या घेऊन न्यू ऑर्लिन्सला आली. एक गासडी सव्वादोनशे किलोंच्या आसपास. बोटीभोवती गासड्यांच्या भिंती अशा चढल्या आहेत की खिडक्या दिसत नाहीत. कापसाच्या बोटींवर प्रवासी भरदिवसा दिवे लावून जेवत. गासड्यांचा आकडा एककापर्यंत नोंदवला गेला. त्या नेमक्या किती जणांनी चढवल्या, हे फोटोखाली कोणी लिहिलं नाही.

साडेदहा

आमच्याकडे ओळख पटवायला मदत करणारे एक गृहस्थ येतात. सारी हयात टोबोटींवर पायलट म्हणून घालवली, आता निवृत्त. मी उत्साहाने बोटीचं नाव शोधायला लागते तेव्हा ते मला थांबवतात.

"बोट नंतर. पाणी आधी बघ."

ते पडद्याला नाक लावून बसतात. पलीकडच्या काठाच्या टेकड्यांची रेषा बोटाने गिरवतात, पाण्यावरचा एक तिरका ओरखडा दाखवतात. खाली वाळूचा दांडा असला की प्रवाह असा मोडतो म्हणे. टेकडीचा खांदा आणि नदीचं वळण जुळवून त्यांनी अर्ध्या तासात जागा सांगितली. आज तो धक्का पाण्याखाली आहे.

"बोटीचं नाक किती वर आहे बघ. रिकामी आहे अजून. भरायला आत्ता लागलेत. संध्याकाळपर्यंत हेच चालणार."

"मग यांची पाळी कधी बदलायची?"

"पायलटांची बदलायची. इंजिनवाल्यांची बदलायची. यांना कसली पाळी? धक्का आला की उठायचं, रात्री दोन वाजता आला तरी. दोन धक्क्यांच्या मध्ये पोत्यांवरच झोपायचं."

मग फ्रेडरिक वे यांची जाडजूड सूची काढतो. कप्तान वे हे स्वतः नदीवरचे. त्यांनी १८४८ नंतरच्या सुमारे ६,००० प्रवासी-मालवाहू बोटींची नोंद केली. कुठे बांधली, कोणाची, कप्तान कोण कोण होते, आणि शेवट कसा झाला. शेवट वाचताना जीव दडपतो. जळाली, बुडालेल्या झाडाच्या बुंध्यावर फुटली, बॉयलर उडाला, बर्फाने चिरडली. यादवी युद्धापूर्वीच्या बोटीचं सरासरी आयुष्य जेमतेम चार-पाच वर्षांचं. इंजिनं मात्र टिकत. एका बोटीचं इंजिन काढून दुसरीत, दुसरीतून तिसरीत बसवत. धुराड्यांच्या माथ्यावरची नक्षी, घंटेची जागा, पायलटच्या खोलीचं छत हे सगळं ला क्रॉसच्या मर्फी ग्रंथालयाच्या हजारो बोटींच्या फोटोंशी ताडून पाहिलं. दोन नावं उरली. त्यांच्यातलं कुठलं, हे ठरायला अजून एखादा फोटो लागेल.

बोटीच्या बाबतीत इतपत येता येतं. बोटीला जन्मतारीख आहे, मालक आहे, मृत्यूचं कारणही आहे.

बारा

डबा उघडते आणि पत्रव्यवहार उरकते. एका शाळेतल्या शिक्षकांना सुल्ताना नावाच्या आगबोटीचा फोटो हवा आहे. तो वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे, कोणालाही मोफत उतरवून घेता येतो, असं कळवलं. सोबत चार ओळी लिहिल्या, कारण हा फोटो नुसता छापू नये असं मला वाटतं.

२६ एप्रिल १८६५. यादवी युद्ध नुकतंच संपलेलं. दक्षिणेच्या तुरुंगांतून सुटलेले उत्तरेचे सैनिक घरी निघालेत. ३७६ माणसांचा परवाना असलेल्या बोटीवर दोन हजारांहून अधिक चढवलेत, कारण माणशी भाडं मिळणार होतं. आर्कान्सामधल्या हेलेना इथे काठावर कॅमेरा दिसला तेव्हा फोटोत यायला सगळे एका बाजूला धावले आणि बोट कलंडता कलंडता राहिली. फोटोत प्रत्येक डेकवर, छतावर, कठड्यावर माणसं आहेत. दुसऱ्या दिवशी पहाटे दोनच्या सुमारास, मेम्फिसच्या वरच्या अंगाला, बॉयलर फुटले. हजारावर माणसं गेली. बॉयलरला ठिगळ लावून बोट हाकली होती. या फोटोतले सगळे स्थिर उभे आहेत, म्हणून सगळे उमटले आहेत.

दीड

इतिहासाच्या वर्गातली मुलं आली. त्यांच्यासाठी मी नेहमी मोठ्या पडद्यावर सिन्सिनाटी लावते.

२४ सप्टेंबर १८४८ रोजी चार्ल्स फाँटेन आणि विल्यम पोर्टर यांनी ओहायो नदीच्या दक्षिण काठावरून, केंटकीतल्या न्यूपोर्टमधून, समोरचं सिन्सिनाटी शहर टिपलं. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या आठ पत्र्यांवर, एकाशेजारी एक. या रीतीच्या फोटोला, डागेरोटाइपला, निगेटिव्ह नसतं. जो पत्रा कॅमेऱ्यात होता तोच फोटो. धक्क्याला आगबोटींची रांग लागली आहे. कोणती बोट कोणत्या दिवशी तिथे होती, याच्या नोंदी जुळवूनच ही तारीख ठरवता आली. पत्रे सिन्सिनाटीच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या मालकीचे आहेत. रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन संग्रहालयातल्या तज्ज्ञांनी त्यांची जपणूक केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ते टिपले. तीसपट मोठं केलं तरी रेषा फुटेना. दुकानांवरच्या पाट्या वाचता आल्या. एका मनोऱ्यावरचं घड्याळ, पत्र्यावर त्याची तबकडी मिलिमीटरभर, तीही वाचता आली. एक वाजून पंचावन्न मिनिटं.

मी मुद्दाम वर्गाची वेळ अशी ठेवते की हे बोलत असताना आमच्या भिंतीवरचं घड्याळही तिथेच पोचतं. मुलं वर बघतात आणि एकदम गप्प होतात.

मग विचारते, भर दुपारी, इतक्या बोटी लागलेल्या असताना, धक्का एवढा मोकळा का? एक मुलगी म्हणाली, हलणारं सगळं पुसलं गेलं. बरोबर. एका मुलाने फोनवर तारीख तपासली आणि म्हणाला, त्या दिवशी रविवार होता. तेही बरोबर. मला आवडतं ते हे की दोन्ही कारणं खरी असू शकतात आणि फोटो एकटा त्यांच्यात निवाडा करू शकत नाही.

शेवटी मी त्यांना कॅमेरा कुठे उभा होता ते विचारते. केंटकीत गुलामगिरी कायदेशीर होती, ओहायोत नव्हती. दोन फोटोग्राफरांनी गुलामीच्या काठावर तिपाई रोवून स्वातंत्र्याच्या काठाचा फोटो काढला. मधलं सपाट, चकचकीत पाणी ओलांडायला माणसं जीव धोक्यात घालत. पुढच्या वर्षी, १८४९ मध्ये, या शहरात कॉलऱ्याची मोठी साथ आली. तो रोगही नद्यांवरून बोटींबरोबर गावोगाव गेला. या दोन गोष्टी सांगितल्यावर मुलं पुन्हा पडद्याजवळ येतात आणि बोटी सोडून काठ बघू लागतात. वर्ग त्यासाठीच असतो.

तीन

वाचनकक्षात सेंट लुईसहून आलेल्या एक बाई वाट बघत होत्या. कृष्णवर्णीय, साठीच्या, निवृत्त परिचारिका. त्यांच्या पणजोबांचे वडील बोटींवर डेकहमाल होते, एवढंच घरात ठाऊक आहे.

अशा शोधात वाटा थोड्या असतात. १८८० च्या जनगणनेत व्यवसायाच्या रकान्यात असं काम कधी कधी सापडतं, मग थेट १९००, कारण १८९० चे बहुतेक कागद १९२१ च्या आगीनंतर उरलेच नाहीत. वीस वर्षांची दरी. त्या दरीत माणूस जन्मतो, वाढतो, कामाला लागतो, कधी मरूनही जातो. दुसरी वाट बोटीवरच्या कारकुनांच्या पगारवह्यांची. आम्ही दोघींनी दोन वह्या चाळल्या. कप्तान, पायलट, इंजिनिअर यांची पूर्ण नावं, खाली हमालांची कुठे नुसतं पहिलं नाव, कुठे टोपणनाव, पुढे रक्कम. बाई प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचत होत्या. त्यांना हवं ते नाव मिळालं नाही.

मी सकाळचं स्कॅन त्यांना दाखवलं. हा त्यांच्या माणसाचा फोटो नाही, हे आधीच सांगितलं. त्यांना नॅचेझच्या फोटोग्राफर हेन्री नॉर्मनबद्दल माहिती होती. १८७० पासून त्याने त्या गावात काम केलं. धक्क्यावरच्या बोटीही टिपल्या आणि स्टुडिओत गोऱ्या-काळ्या दोन्ही गिऱ्हाइकांना सारख्याच निगुतीने बसवून त्यांची चित्रं घेतली. पुढे डॉक्टर थॉमस गँडी आणि त्यांच्या पत्नी जोन यांनी त्या काचा मिळवून जपल्या. बाई म्हणाल्या, "तिथे माणसं खुर्चीवर बसली होती. म्हणून दिसतात."

करड्या पट्ट्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी थप्पीच्या मागच्या बाजूला बोट नेलं. "आणि हा?"

पोत्यांवर एक जण आडवा झोपला होता. एक हात डोक्याखाली, टोपी छातीवर, एका बुटाचा तळ फाटलेला. संपूर्ण काचेवर इतका रेखीव दुसरा कोणी नाही, कप्तानसुद्धा नाही, कारण तो अजिबात हललेला नाही. ओठांची ठेवण दिसते, गालावरची दाढीची खुंटं दिसतात. खांद्यावर गोणपाटाची घडी आहे, पोतं टोचू नये म्हणून ठेवलेली.

"याला उठवतील आत्ता," बाई म्हणाल्या. त्यांनी प्रत मागितली. मी ती लगेच काढून दिली.

साडेपाच

नोंद लिहिण्याची वेळ. दिवसभराच्या कामातलं हे सगळ्यात कोरडं काम आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात जबाबदारीचं. जुन्या कार्डांवर अशा फोटोला एकच ओळ असायची: धक्क्याला लागलेली बोट. संगणकावर शोधणाऱ्याला तेच सापडतं जे आपण लिहिलेलं असतं. हमाल हा शब्द नोंदीत नसेल तर हमाल शोधणाऱ्याला हा फोटो कधीच मिळणार नाही, मग काच कितीही उत्तम जपलेली असो.

म्हणून बोटीची दोन संभाव्य नावं, जागा आणि अंदाजे दशक लिहून झाल्यावर मी लिहिते: डेकवर कप्तान व कारकून. फळीवर आठ ते दहा हमाल गव्हाची पोती चढवताना, हालचालीमुळे अस्पष्ट, पावलं स्पष्ट, दोघे बहुधा अनवाणी. थप्पीवर झोपलेला एक हमाल, चेहरा स्पष्ट, खांद्यावर गोणपाटाची घडी. नावं अज्ञात.

काही सहकाऱ्यांना ही नोंद लांबलचक वाटते. एका काचेला एवढा वेळ दिला तर पेटी कधी संपायची, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. मी बाकीच्या काचांवर घाई करते, निसर्गदृश्यांना दोन ओळींत उरकते. जिथे काम करणारी माणसं आहेत तिथे करत नाही.

रात्री साडेआठ

चिपळुणात सकाळचे सात. आत्याचा फोन.

"काय गो, जेवलीस?"

कपाट आवरताना तिला एक फोटो मिळाला होता, तो तिने मोबाइलवर पाठवला. गोवळकोटचा धक्का. मुंबईची बोट दाभोळला लागायची, तिथून लाँचने भरती साधून वाशिष्ठीच्या खाडीतून वर गोवळकोटला यायचं, हे मी लहानपणापासून ऐकलंय, पण चित्र प्रथमच बघत होते. लाँच, तिच्यापुढे पांढऱ्या टोपीतले आजोबा, आणि शेजारी तिघे जण, उघड्या अंगाचे, लुंगीतले.

"आत्या, आजोबांच्या बाजूला कोण आहेत?"

"तो मधला सारंग. दाभोळचा." तिने नाव सांगितलं, घराची खूणही सांगितली. "आणि हा खलाशी, हा आपल्याकडे भात झोडायला पण यायचा." त्याचंही नाव सांगितलं.

"मागे लिहून ठेव ना. आत्ताच. पेननं नको, शाई पुढच्या बाजूला उमटते. मऊ पेन्सिलनं, कडेला, हलक्या हातानं."

"बरं बाई."

"आणि तिसरा?"

"तो..." ती थोडा वेळ थांबली. "चेहरा कळतोय, नाव नाही आठवत गो. सारंगाची भाची आहे दाभोळला, तिला ठाऊक असेल. दुपारी फोन लावते तिला."

"दुपारी नको आत्या. आत्ताच लाव."